नळीतलं तेल

माझे मोठे दीर आणि मी एकाच कंपनीत कामाला आहोत, हेच मुळात चुकलं. मी पैशांच्या गाडीवर रखवालदार आणि ते शस्त्रखोलीत. सकाळी खिडकीतून पिस्तूल त्यांनी द्यायचं, संध्याकाळी मी परत करायचं, मग त्यांनी ते साफ करून ठेवायचं. म्हणजे घरी त्यांचं तोंड बघायचं ते बघायचंच, वर इथेही.

आमचं भांडण तेलाचं. साफ करून झालं की भावजी गजाला तेलाची चिंधी लावून पिस्तुलाच्या नळीत फिरवतात. फिरवतात कसले, अंघोळ घालतात! माझं म्हणणं एवढंच, ठेवताना लावा हो तेल, पण हातात देताना कोरड्या चिंधीने पुसून द्या. नळी ओली असली की पहिली गोळी भलतीकडेच जाते.

"आपली पिस्तुलं वर्षातून एकदा उडतात," भावजी म्हणतात, "गंज मात्र रोज चढतो."

"आणि त्या एकदाच्या उडण्यावर माझी गाडी अवलंबून आहे, त्याचं काय?"

"नेम लागत नाही, त्याला तेलाचं निमित्त! चल, फौजदारीण, पुढे हो. मागे रांग आहे."

फौजदारीण हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मी गाडीवर लागले तेव्हा घरात सगळ्यात जास्त थयथयाट त्यांनीच केला होता, बाईमाणसाला पिस्तूल कशाला म्हणून. माझा नवरा आमच्या मध्ये कधी पडत नाही. "तुम्ही दोघं ते तेल एकमेकांच्या डोक्यावर ओता आणि मला सुखाने जेवू द्या," म्हणतो.

दरवर्षी कंपनीच्या तळघरात आमची नेमबाजीची परीक्षा होते. पाचच्या पाच गोळ्या वर्तुळात लागाव्या लागतात. गेल्या वर्षी माझी पहिलीच बाहेर गेली. परीक्षकांनी ताकीद देऊन सोडलं, पण पुन्हा एक जरी बाहेर गेली तर पिस्तूल काढून घेऊन फाटकावर बसवणार, असं बजावलं. फाटकावर म्हणजे दिवसभर दांडा वर, दांडा खाली. मला गाडीच हवी. त्या गाडीत पुढच्या सीटवर बसले की मी कुणाची सून नसते आणि कुणाची भावजयही नसते.

यंदा परीक्षेच्या दिवशी पिस्तुलं घेऊन भावजी स्वतःच तळघरात आले. माझं उचलून माझ्यापुढे धरलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तो मख्ख चेहरा बघूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, यांनी मुद्दाम नळी ओली ठेवली असणार. मला फाटकावर बसलेली बघायचीय यांना.

"साहेब, मला गज आणि कोरडी चिंधी हवी," मी परीक्षकांना म्हणाले. "नळी पुसल्याशिवाय मी हे उडवणार नाही. गेल्या वर्षी भोगलंय मी."

रांगेतले बाकीचे रखवालदार माना उंचावून बघायला लागले. परीक्षकांनी आधी भावजींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पुसा की. पण हा शस्त्रखोलीवर आरोप झाला, कळतंय ना?"

"कळतंय."

भावजींनीच खिशातून पांढरी चिंधी काढली, गजाला लावली आणि गज माझ्या हातात दिला. "घे. सगळ्यांना दिसेल अशी घाल."

पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवून मी गज आत घातला, बाहेर काढला. चिंधी पांढरीच. पुन्हा घातला, या वेळी चांगला फिरवून फिरवून. पांढरीच! तेलाचा टिपूस नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्यानंतर गोळ्या उडवायच्या होत्या. चार गोळ्या चांगल्या आत बसल्या, पण पहिली सरकली ती थेट वर्तुळाच्या रेषेवर. परीक्षक पुठ्ठ्याला नाक लावून बघत राहिले. माझा जीव टांगणीला.

"रेषेला चाटलीय," शेवटी ते म्हणाले. "रेष आतच धरतात. पास."

पास झाले, पण आनंद कसला! नळी खडखडीत कोरडी होती, तरी पहिलीच गोळी सरकली. आता तेलाला काय बोलणार? गेल्या वर्षीसुद्धा माझाच हात हलला असेल, असं मनात आलं. तो विचार मी हाकलला, तर परत आला.

पिस्तूल परत द्यायला खिडकीशी गेले. आत भावजी एकटेच होते. जीभ रेटत नव्हती, तरी मी म्हणाले, "भावजी, चुकलं माझं. तुम्ही माझ्यासाठी नळी पुसून ठेवलीत आणि मी चारचौघांत..."

"तुझ्यासाठी?" भावजींनी मान वर केली. "तुझ्यासाठी कशाला पुसू? तू नापास झाली असतीस तर पहिलं बोट माझ्याकडे दाखवलं असतंस. मला चोर ठरवूनच तू आज येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुसली. चिंधी काय उगाच खिशात होती?"

"म्हणजे मला उघडं पाडायचं होतं तुम्हाला!"

"तुझी तूच पडलीस. मी फक्त नळी पुसली."

आणि या माणसाची मी माफी मागितली होती! परत घेता आली असती तर खिडकीतून हात घालून ओढून घेतली असती.

"मग ऐका," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीही मी गज मागणार. सगळ्यांसमोर."

"माग की."

"त्याच्या पुढच्या वर्षीही."

"खुशाल माग. दरवेळी कोरडीच देईन. तुला बोलायला जागाच ठेवणार नाही मी."

मी लागले तेव्हापासून एवढंच तर मागत होते. आता ते मिळालं, आणि घरी जाताना माझा नुसता संताप संताप होत होता.