अर्थ सी थामी सांगतील

आमच्या यांना गाण्यांचा भारी नाद. तोसुद्धा साधासुधा नाही, जी गाणी यांना कळत नाहीत तेवढ्याच गाण्यांचा. रेडिओवर अरबी गाणं लागलं की म्हणतात, "बंद करा ते, काय बाजारू शब्द आहेत." शब्द कळतात ना, म्हणून बाजारू. पण आमच्या सूसच्या डोंगरातलं तशलहीत गाणं लागू दे, आमचे हे, म्हणजे सी थामी, डोळे मिटून घेतात, बोटांतली जपमाळ थांबते आणि मान अशी डोलते की बघणाऱ्याला वाटावं, पाळण्यात यांनी हीच अंगाई ऐकली असणार. जन्म मात्र फेस शहरातल्या खानदानी घरातला. तशलहीतमधले यांना दोनच शब्द येतात, भाकर आणि पाणी, आणि पाण्याच्या जागी भाकर म्हणतात.

ती भाषा माझी. ताफ्राउतच्या वरच्या अंगाला आमचं गाव, बदामाची झाडं आणि दगड, दगडच जास्त. लग्न करून कासाब्लांकाला आले तेव्हा मला टोमॅटो मागण्यापुरती अरबी येत होती. माझं नाव फदमा. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं फातिमा केलं, कारण फदमा म्हटलं की त्यांना मोलकरणीला हाक मारल्यासारखं वाटायचं. मग लमिया झाली तेव्हा यांनी सांगून टाकलं, "पोरीच्या कानावर ती डोंगराळ भाषा पडायला नको. उच्चार बिघडतात, शाळेत हसतात." मी ऐकलं. वीसेक वर्षं ऐकलं. पोरीला अरबीत थोपटलं, अरबीत रागावले, आणि एकटी असले की भांड्यांशी माझ्या भाषेत बोलले.

म्हणजे बघा, जी भाषा यांनी दारातून हाकलली, तीच हे दर शुक्रवारी पाहुणे जमवून मोठ्या आवाजात घरात आणायचे. नमाज झाली, कुसकुस जेवून झालं, की बैठकीत चहा. यांचं नळ-शॉवरचं मोठं दुकान आहे, त्यामुळे मित्रही तसेच, पोट सुटलेले आणि निवांत. त्यातले सी बन्नीस निवृत्त औषधवाले, ते दर वेळी न चुकता विचारायचे, "काय म्हणतेय हो ही बाई?" आणि आमचे हे अर्थ सांगायचे. विरहाचं आहे, म्हणायचे, प्रियकर डोंगरापलीकडे गेलाय. दुसरं गाणं लावलं की तेही विरहाचं. आमच्या डोंगरातला एकही प्रियकर यांनी घरी राहू दिला नाही.

एकदा मी चहाचं तबक घेऊन दारात उभी होते. गाण्यातला म्हातारा भावाने खेचर परस्पर विकलं म्हणून त्याला शिव्या घालत होता. सगळ्या शिव्या अस्सल, माझ्या आजोबांच्या तोंडच्या. यांनी मात्र डोळे पुसले आणि म्हणाले, "आईच्या कबरीपाशी बसून गातोय." माझ्याने राहवलं नाही.

"अहो, खेचर विकलंय त्याचं. भावाला शिव्या देतोय."

"शू," हे डोळे न उघडता म्हणाले, "जरा गाणं ऐकू दे."

पाहुणे हसले, मीही हसले. पण आत जाऊन मी किती वेळ ओट्याला धरून उभी होते ते मला ठाऊक. मला फार काही नको होतं हो. बाकीच्या बायका सोनं मागतात. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, यांनी माझ्याकडे वळून विचारावं, "अगं, काय म्हणतेय ती?" घरात विहीर असून माणूस शेजाऱ्यांना पाण्याची चव सांगत होता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं. एरवी माझ्या माहेरी जायचं म्हटलं की यांची कंबर धरते. पण लग्नात अहवाश, म्हणजे आमच्याकडचा गाण्या-नाचाचा फड, होणार हे कळलं आणि कंबर सुटली. पांढरीशुभ्र नवी पायघोळ जलाबा शिवून घेतली, आवाज टिपायचं यंत्र घेतलं. गाडीत मला बजावलं, "तिथे मध्ये बोलू नकोस, ध्वनिमुद्रण बिघडतं."

असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजेनंतर खळ्यात माणसं जमली. एका बाजूला पुरुष, हातात डफ. समोर बायकांची रांग, खांद्याला खांदा, कपाळावर चांदी आणि लाल शाली पार नाकापर्यंत ओढलेल्या. वहिनीचा पोशाख घालून मीही रांगेत शिरले. पाय आपोआप पडायला लागले. इतक्या वर्षांनी माझं नाव मला कुणीतरी परत दिल्यासारखं वाटलं, खरंच सांगते.

गाणारा होता दा लहसेन, माझा चुलतभाऊ, वयाने मोठा, जिभेने त्याहून मोठा. अहवाशात जो तो उभ्या उभ्या ओळी रचतो, आणि ज्याला उद्देशून ओळ टाकली त्याने ओळीनेच उत्तर द्यायचं. त्याला जमलं नाही तर त्याच्या घरातल्या कुणीतरी द्यायचं. कुणीच दिलं नाही तर त्या घराची शोभा पुढच्या लग्नापर्यंत पुरते. दा लहसेनने डफावर थाप मारली आणि थेट आमच्या यांच्याकडे वळला:

"सपाटीवरच्या पाहुण्या, आमच्या डोंगरातलं पाखरू तू नेलंस.
वारा तिकडून येतो, पण त्याचा आवाज काही आणत नाही.
दाणा कमी पडतो का रे, की पिंजरा लहान आहे?"

पुरुषांनी शेवटची ओळ उचलली. सगळं खळं यांच्याकडे बघायला लागलं. हे डोळे मिटून डोलत होते. गाणं थांबलं तेव्हा यांनी डोळे उघडले, आपल्यालाच मान दिलाय एवढं यांना कळलं, आणि हे उठले. मला वाटलं, चला, निदान दोन शब्द आभाराचे बोलतील. हे गेले ते सरळ दा लहसेनपाशी, खिशातून नोट काढली आणि त्याच्या फेट्यात खोचली.

दा लहसेन काही भाड्याने आणलेला वाजंत्री नव्हता. त्याच्या बदामाच्या बागा या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत आहेत. डफ बंद पडले. भाऊ जमिनीकडे बघत होता. हे मात्र हसतमुखाने जाऊन बसले आणि यंत्र पुन्हा पुढे धरलं.

उत्तर द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. खरं सांगते, मी यांची बाजू सावरायलाच तोंड उघडलं होतं. घर माझंही आहे. पहिली ओळ तशी सरळ निघाली. पुढच्या ओळी कुठून आल्या त्या माझ्या मलाच कळल्या नाहीत:

"दा लहसेन, पाहुण्यावर रागावू नको, दाण्याला काही कमी नाही, पिंजऱ्याला पितळी नळ आहेत.
धनी रोज पिंजऱ्यापाशी बसतो आणि पाखराची तबकडी लावतो.
पाखराने चोच उघडली, की म्हणतो, शू, मला पाखरू ऐकू दे."

मग खळं जे उसळलं! दा लहसेनने फेट्यातली नोट काढून लहान पोरांकडे टाकली आणि डफ उचलला. पन्नास पुरुष पाय आपटत माझी ओळ गायला लागले, शू, मला पाखरू ऐकू दे, आणि त्यांच्या मधोमध माझा नवरा यंत्र उंच धरून उभा, डोळ्यांत पाणी. यांना कुणी काही सांगितलं नाही. आमची माणसं पाहुण्याचा मान राखतात. शिवाय मजा येत होती.

परतीच्या वाटेवर गाडीत यांनी तेच लावलं. संपलं की पुन्हा लावलं.

"ऐक, हा आवाज ऐक," हे म्हणाले. "शहरात असा आवाज सापडायचा नाही."

मी शेजारच्या सीटवर बसले होते. मी म्हटलं, "ऐकतेय."

मग काय, शुक्रवारची बैठक यंत्रातल्या त्या बाईला वाहिली गेली. अर्थ असा की नवऱ्याच्या आठवणीने ती झुरते आहे. सी बन्नीस उसासे टाकायचे. लमियाचा साखरपुडा ठरला तेव्हा तर यांनी जाहीरच केलं की त्या बाईला डोंगरातून आणायचं, काय मागेल ते द्यायचं. माझ्या भावाला फोन केला, तर तो नुसता हसत सुटला. "लाइन खराब आहे," हे म्हणाले. मग शुक्रवारच्या बैठकीत मी चहा ओतत असताना मला विचारलं, "अगं, तूही त्याच रांगेत होतीस ना? ही कोण?"

वीस वर्षांत यांनी त्या गाण्यांविषयी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी किटली खाली ठेवली.

"मी," म्हटलं.

सगळे खो खो हसले. "लल्ला फातिमा," सी बन्नीस अदबीने म्हणाले, "अशी चेष्टा करू नका. आमच्या मित्राचा जीव अडकलाय त्या बाईत."

मी तबकावर बोटांनी ठेका धरला आणि गायले. तिन्ही ओळी, घाई न करता. हसणं आपोआप विझलं. लमिया आतून येऊन दारात उभी राहिली. तिने आईला गाताना कधी पाहिलंच नव्हतं.

गाणं संपल्यावर यांनी आपला पेला उचलला. मग जाणकाराने द्यावा तसा निकाल दिला. "चांगलं उचललंयस. पण मूळ बाईच्या आवाजात जो रानगंध आहे ना, तो नाही. शहरात राहून तो जातो."

"जातो," सी बन्नीस म्हणाले.

"आई," लमिया म्हणाली, "काय म्हणतेय ती?"

मी तिच्याकडे वळले आणि अरबीत सांगितलं. पितळी नळ सांगितले, तबकडी सांगितली, आणि चोच उघडल्यावर धनी काय म्हणतो तेही सांगितलं. सी बन्नीस गालिच्यावरची नक्षी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे बघू लागले. यांच्या हातातला पेला तोंडापाशी जाऊन थांबला होता.

"नाही," हे शेवटी म्हणाले. "असा अर्थ नाहीये त्याचा."

"अहो, मीच रचलंय ते."

"रचलं असशील. पण अर्थ तो नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात डोंगरातलं गाणं लागलेलं नाही. दोन शुक्रवार तर बैठकीत नुसती चमच्यांची किणकिण. यांना जेवण जात नव्हतं, आणि मला तरी कुठे जात होतं? मला वाटायचं, एकदा अर्थ कळला की हा माणूस माझ्याकडे वळून बघेल. झालं उलटंच.

तिसऱ्या शुक्रवारी मी चहा घेऊन गेले तर कुणी तरी बाई कळवळून गात होती आणि आमचे हे पुन्हा डोळे मिटून डोलत होते. पोर्तुगालची गाणी, म्हणे. सी बन्नीसनी विचारलं, "काय म्हणतेय हो?"

"नवरा समुद्रावर गेलाय," हे म्हणाले, "त्याची वाट बघतेय."

मग एकदम डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तबक अजून माझ्या हातातच होतं.

"तुला पोर्तुगीज येत नाही ना?" यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

यांनी डोळे मिटले.