सात नंबरचा कान

"साहेब, हा घासतोय."

झिपरूने हेडफोन डोक्यावरून काढला. डाव्या कानाचा स्पंज नखाने उचलून आत तांबड्या पेन्सिलीने बारीक फुली मारली, स्पंज परत बसवला आणि तो नग नापास मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकला. मयूर साहेबांनी तो उचलून आपल्या कानाला लावला.

"कुठे घासतोय काका? मस्त आहे की!"

"तुम्हाला मस्तच वाटायचा," झिपरू म्हणाला आणि त्याने पुढचा उचलला.

मॅनेजरशी असं बोलायची छाती सिल्वासाजवळच्या राखोलीच्या त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. कारखान्यात विमानातले हेडफोन बनत. प्रवासी सीटवर टेकला की प्लास्टिकच्या पिशवीतून त्याच्या हातात देतात, ते. माल जोडून, पुसून शेवटी झिपरूच्या खुर्चीपुढे यायचा. तो प्रत्येक नग कानाला लावून ऐकायचा आणि पास झाला तर त्यावर सात नंबरचं स्टिकर चिकटवायचा. सात म्हणजे झिपरू. शहाद्याकडून आलेला, आठवी नापास, आयुष्यात विमानाच्या जवळपासही न गेलेला माणूस. पण कान असा, की चहाच्या टपरीवर बसून कारखान्यातल्या कंप्रेसरचा पट्टा सैल झालाय हे सांगायचा, आणि जाऊन बघावं तर पट्टा सैल!

असा कान मिळाल्यावर माणसाने देवाचे आभार मानावेत. झिपरूने जगाशी भांडण मांडलं. खानवेलच्या बसमध्ये कुणी मोबाईल मोठ्याने लावला की हा त्याच्या तोंडासमोर जाऊन विचारायचा, "गाणं ऐकी राहिला का गाण्याला मारी राहिला, भो?" सिल्वासात लग्नाची वरात निघाली की दारं-खिडक्या लावून घरात चरफडायचा. नवीन गाण्यांचा तर त्याला मनापासून तिटकारा. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत नुसता आरडाओरडा! हळू होतं ते ओढून वर आणलेलं, वर होतं ते छाटून टाकलेलं, सगळं कसं रोलर फिरवल्यासारखं सपाट. "ह्यांच्या गाण्यात माणूस श्वासच घेत नाही. मेलेला असेल," असं तो म्हणायचा. सरुबाई, त्याची बायको, शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांनी देवळातली घंटाबी नापास करेल शे."

तपासणीसाठी त्याच्याकडे चाळीस सेकंदांची एक ध्वनिफीत होती. जुन्या मालकांनी मुद्दाम करून घेतलेली. आधी तंबोरा, इतका हळू की श्वास धरावा लागे. मग त्यात सारंगी शिरायची आणि शेवटी मृदंगाची एकच थाप. त्या हळू तंबोऱ्यातच खरी परीक्षा. आतली तार जरा जरी घासत असली तरी तिथे बारीक खरखर यायची. शंभरात आठ-नऊ नग तिथेच नापास होत. ते दुरुस्तीला जात, आणि दुरुस्ती झाली की तिथली माणसं स्पिरिटने आतली फुली पुसत. स्पंजखालच्या त्या फुलीचं झिपरू आणि दुरुस्तीवाले सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

पुण्याहून आलेल्या मयूर साहेबांना शंभरात नऊ खुपले. त्यांनी तपासणीसाठी नवीन गाणं आणलं, वीस सेकंदांचं, नुसतं धडामधुडुम. शेजारच्या टेबलावर तपासणी करणाऱ्या अकरा नंबरच्या ममताने ते घेतलं. झिपरूने साफ नकार दिला. "ह्या गाण्यावर पत्र्याचा डबाही पास होईल. मोठ्या आवाजात खरखर लपते, साहेब. चोर गर्दीतच लपतो ना?" साहेब हसले आणि म्हणाले, "बरं काका, तुम्ही तुमचं चालू ठेवा." आपण जिंकलो असं झिपरूला वाटलं.

आणि मग दिल्लीच्या विमान कंपनीकडून तक्रार आली.

"गिऱ्हाईक म्हणतंय, आवाजात प्रॉब्लेम आहे," साहेबांनी सांगितलं. "समोर बसून बोलू म्हणतात. काका, तुम्हीही चला. आमचा प्रत्येक पीस असा माणूस ऐकतो, हे त्यांना दिसू दे. विमानाने जाऊ. मुद्दाम आपला माल असतो तेच विमान घेतो."

विमानाचं राहू द्या; झिपरूला आनंद झाला तो तक्रारीचा. बावीस वर्षं त्याने दहा लाखांवर हेडफोन ऐकले असतील, पण पलीकडून कधी चकार शब्द आला नव्हता. आता कुणीतरी तिकडे कानाला लावून म्हणालं होतं, हे बरोबर नाही. म्हणजे ऐकणारा माणूस होता! त्या रात्री तो सरुबाईला म्हणाला, "एक तरी निघाला गं कानवाला. त्याला भेटायचंय मला."

विमान उडालं तेव्हा झिपरूने खिडकीतून खाली पाहिलंसुद्धा नाही. हेडफोनची पिशवी हातात आल्या आल्या दातांनी फोडली. वरती सात आकडा बघून छाती फुगली. मग त्याने पिन खोचली.

विमानाची घरघर एवढी, की जात्यात डोकं घातलंय असं वाटावं. तिच्यावर मात करायला गाणं किंचाळत होतं, आणि गाण्याच्या मागे, डाव्या कानात, बारीक, एकसारखी खरखर. झिपरूला आधी वाटलं, विमानाचीच असेल. त्याने आवाज कमी केला. खरखर राहिली. त्याने स्पंज उचलला. आत तांबडी फुली होती.

त्याने हेडफोन साहेबांपुढे केला. "साहेब, हा माझा नापास माल आहे. आणि वर माझा नंबर आहे."

मयूर साहेबांनी स्वतःच्या कानावरचा हेडफोन काढला. "हळू बोला काका. लाल क्रेट आम्ही ममताकडून परत चेक करून घेतो. नव्या ट्रॅकवर सगळे पास झाले. तुमच्या टेबलाचा माल, म्हणून स्टिकर तुमच्याच नंबरचं."

"किती दिवसांपासून?"

"सहा महिने. अहो, इथे इंजिनचाच एवढा आवाज आहे, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! सात म्हणजे मी. माझं नाव लावून तुम्ही हे विकलंत?" झिपरूचा आवाज चढला तशी पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. साहेब कुजबुजले, "मीटिंगमध्ये एकच वाक्य बोला, प्रत्येक पीस मी ऐकतो म्हणून. बाकी मी बघतो. तीनशे माणसांची रोजी आहे ह्या ऑर्डरवर."

विमान उतरताना झिपरूने तो हेडफोन खिशात घातला. आयुष्यातली पहिली चोरी! त्याचं मन ठरलं होतं. नोकरी गेली तर गेली. तिकडे तो एक कानवाला बसला होता. त्याच्यासमोर खोटं बोलायचं नव्हतं.

दिल्लीच्या ऑफिसात लांबलचक टेबल, चार साहेब आणि मधोमध केस पांढरे झालेल्या एक मॅडम. मयूर साहेबांनी ओळख करून दिली आणि झिपरूकडे बघून मान हलवली. झिपरू उभा राहिला.

"मॅडम, हर पीस मैं सुनता हूँ," तो म्हणाला. मग खिशातून हेडफोन काढून त्याने स्पंज उचलला आणि फुली सगळ्यांना दिसेल असा टेबलावर धरला. "ये मैंने फेंका था. खरखर करता है. फिर भी आपके विमान में आ गया. नंबर मेरा है, माल मेरा नहीं. आपकी शिकायत सच्ची है."

मयूर साहेबांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी हेडफोन घेतला, लॅपटॉपला लावला, एक गाणं सुरू केलं. ऐकलं. शेजारच्याला दिला. तो चौघांच्या डोक्यांवरून फिरला. झिपरू एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ठीक तो है," मॅडम म्हणाल्या. "अंकलजी, खरखर की शिकायत तो एक भी नहीं आई. पैसेंजर बोलते हैं, आवाज़ कम है. और ज़ोर से चाहिए."

"हाँ, थोड़ा धीमा है," शेवटचे साहेब हेडफोन काढत म्हणाले.

झिपरू खाली बसला. त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं तरी त्याला चाललं असतं. चोर म्हणाले असते तरी चाललं असतं. पुढचा तासभर ते आवाज किती वाढवायचा ते बोलत होते, आणि चहा आला तेव्हा मॅडमनी स्वतः त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. भल्या बाई होत्या. त्याचाच त्याला संताप आला.

सोमवारी तो मयूर साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब रागावलेही नव्हते. "काका, ऑर्डर वाढली! जास्त आवाजाचं मॉडेल. तुमचा तो हेडफोनचा किस्सा तर त्यांना आवडला, कसला तळमळीचा माणूस आहे म्हणाले."

"मला पॅकिंगला टाका."

"पॅकिंगला? टेप मारायला?"

"हो. आणि सात नंबर कुणाला द्यायचा नाही. बंद करा."

"ओके, डन," साहेब मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. भांडायचं ठरवून आलेल्या झिपरूला ते इतक्या चटकन हो म्हणाले हेच जास्त लागलं.

बाहेर त्याच्या खुर्चीशी ममता उभी होती. अकरा नंबरच्या स्टिकरची गुंडाळी तिच्या हातात होती. "काका, सॉरी. मला बोलले कुणाला बोलायचं नाय. मी तुम्हाला सांगायला पायजे होतं."

"ते जाऊ दे. तुला खरखर ऐकू येत होती का?"

ममताने मान खाली घातली. "पहिल्यांदा येत होती. नंतर त्या गाण्यात नाय आली कधी."

झिपरूला तिचा राग येईना. तिच्या डोक्यावर थोपटून तो पॅकिंगच्या शेडमध्ये गेला. तिथे विजया नावाची जुनी बाई होती, तिने त्याच्या हातात टेपची गुंडाळी दिली. पहिल्याच खोक्यावर टेप बोटभर तिरकी बसली.

"चालतं काका," विजया म्हणाली. "ट्रकमध्ये कोण बघतंय?"

झिपरूने टेप ओढून काढली. तिच्याबरोबर खोक्यावरचा कागदही सोलून आला. त्याने आतला माल काढून नव्या खोक्यात भरला, दोन्ही कडा अंगठ्याने जुळवल्या आणि टेप सरळ लावली.