मधल्या खोलीचं भाडं

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर पुंडलिकरावांनी फंडाच्या पैशातून कळंबच्या घरामागं तीन खोल्या बांधल्या. विटांच्या भिंती, वर टिनं, समोर अरुंद पडवी आणि मागच्या कुंपणाशी चुलीसाठी रचलेली कापसाची वाळकी पऱ्हाटी. पेन्शन नावापुरती होती. तीन खोल्यांचे दीड हजार आले की त्यांचं आणि वच्छलाबाईंचं महिनाभर भागायचं. त्यामुळं भाड्याच्या बाबतीत पुंडलिकराव कडक होते, पण मधल्या खोलीतल्या देवसिंगकडून त्यांनी ना डिपॉझिट घेतलं होतं, ना कागद केला होता. माणूस बघूनच खोली दिली होती.

देवसिंग राठोड कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. बायको लालीबाई आणि मुलगी पायल राळेगावकडच्या तांड्यावर राहायच्या. शनिवारी तो सायकलनं घरी जायचा आणि सोमवारी येताना वच्छलाबाईंसाठी तुरीच्या शेंगा नाही तर बोरं घेऊन यायचा. तीन वर्षांत त्याचं भाडं एकदाही चुकलं नव्हतं.

दोन हजार पाचच्या हंगामात मात्र कापसाचा भाव पडला. भाव वाढेल या आशेनं लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. दिवाळी झाली तरी जिनिंगची मशीन सुरू होईना. मशीन बंद म्हणजे फिटरचा रोज बंद. सप्टेंबरचं भाडं राहिलं, मग ऑक्टोबरचं, मग नोव्हेंबरही संपत आला.

"काका, मशीन चालू झाली की पयले तुमचे देतो," देवसिंग म्हणायचा. तो खोटं बोलत नाही हे पुंडलिकरावांना ठाऊक होतं. पण किराणा दुकानदाराला ते सांगून चालत नव्हतं.

बसस्टँडजवळ मारोतीच्या सहा खोल्या होत्या. पुंडलिकरावांनी त्याच्याकडं गोष्ट काढली, तेव्हा तो हसला. "भाऊ, तोंडानं मागून भाडं येत नाई. लाइट बंद करा त्याची. आठ दिवसांत भाडं येते, नाई तर खोली खाली होते. मी तं असंच करतो."

दोन दिवस पुंडलिकरावांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ओसरीवरच्या बोर्डातून मधल्या खोलीचा फ्यूज काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

देवसिंग संध्याकाळी काम शोधून परतला. सात वाजले असतील, पण थंडीचे दिवस, बाहेर मिट्ट काळोख झाला होता. पुंडलिकरावांच्या घरात टीव्ही चालू होता. मागच्या दारावर थाप पडली.

"काका, जरा बॅटरी द्या ना. अंधारात पायाले काहीतरी लागलं."

वच्छलाबाई उठायला लागल्या. पुंडलिकरावांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. बॅटरीचं निमित्त काढून हा लाइटीबद्दल बोलणार, आपण विरघळणार, आणि पुन्हा महिनाभर तेच, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुन्हा एकदा थाप पडली. "काका..." मग चपलांचा आवाज पडवीकडं गेला.

सकाळी शेजारच्या खोलीतला शाळेचा शिपाई ओरडत आला. देवसिंग चटईवर कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा. डाव्या पायाच्या करंगळीजवळ दोन बारीक ठिपके होते. बोलावलेले डॉक्टर म्हणाले, मण्यार चावली, रात्रीच गेला. चावते तेव्हा फारसं दुखत नाही, काटा टोचला असं वाटतं, आणि मग गुंगी येते. रात्री नऊपर्यंत आणला असता तर इंजेक्शन देता आलं असतं.

पोलीस यायच्या आधी पुंडलिकरावांनी फ्यूज जागेवर बसवला. दोनदा तो हातातून निसटला. मागं वळून पाहिलं तर दारात वच्छलाबाई उभ्या होत्या.

हवालदारानं खोलीत शिरून बटण दाबलं. भर दिवसा बल्ब पेटला.

"लाइट तं हाय. मंग दिसला कसा नाई साप?"

त्यानं कागदावर सर्पदंश लिहिलं. दुपारी तांड्यावरची माणसं जीप घेऊन आली आणि देवसिंगला घेऊन गेली. लालीबाई जीपमध्ये बसून होती. पुंडलिकराव तिच्यासमोर गेलेच नाहीत.

त्या दिवसापासून घरात टीव्ही लागला नाही. एकदा जेवताना पुंडलिकराव म्हणाले, "मले काय मालूम होतं त्याले साप चावला म्हणून?"

"मी बी तं ऐकलं होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "उठली असती तं तुम्ही काय मारलं असतं मले?" आणि ताट तसंच ठेवून त्या उठल्या.

महिनाभरानं मारोतीनं नवा भाडेकरू पाठवला. मारोतीचा सल्लाही तयार होता. चुना मारा, बाहेरगावचा माणूस ठेवा, काही सांगू नका, आणि या वेळी डिपॉझिट घ्या. नयन नावाचा तो पोरगा बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहायला लागला होता. पुंडलिकरावांनी चुना मारला, पऱ्हाटी हलवली, दाराखालची फट सिमेंटनं बुजवली. डिपॉझिट घेतलं, नयनला काही सांगितलं नाही.

पण दिवेलागण झाली की त्यांना घरात बसवेना. मागच्या दारावर कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. दार उघडलं की कोणी नसायचं, फक्त पडवीतून चपला ओढत गेल्याचा भास. मग ते बॅटरी घेऊन मधल्या खोलीपाशी जायचे आणि दार वाजवायचे.

"लाइट हाय ना बाबू?"

"हाय ना काका."

"अंधारात पाय टाकत नको जाऊ. बॅटरी पाह्यजे काय?"

पहिले चार दिवस नयनला बरं वाटलं. मग रोज तेच. जेवताना, आंघोळ करताना, वीज गेलेली असताना तर दोन-दोनदा. पंधराव्या दिवशी त्यानं शिपायाला विचारलं, आणि शिपायानं सांगून टाकलं की खोलीत काय झालं होतं. नयननं डिपॉझिट परत मागितलं.

"भुताचं काही नाई काका," तो जाताना म्हणाला, "तुमचीच भीती वाटते मले. दार वाजलं की अंगावर काटा येते."

त्यानंतर आलेलं एक जोडपं वीस दिवसांत गेलं. मग गावात बोभाटा झाला आणि कोणी विचारायलाही आलं नाही. खोली रिकामी राहिली, पण तिथला बल्ब पुंडलिकराव रोज संध्याकाळी लावायचे. बिल आलं की वच्छलाबाई ते त्यांच्यापुढं सरकवायच्या.

मार्चमध्ये, कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर, एका सकाळी लालीबाई दारात आली. बरोबर तेरा-चौदा वर्षांची पायल होती. लालीबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि पुंडलिकरावांच्या समोर पंधराशे रुपये ठेवले.

"तीन महिन्याचं भाडं राह्यलं होतं त्यांचं. वेचणीचे पैसे हायेत. मोजून घ्या."

पुंडलिकरावांचा हात पुढं गेला नाही. वच्छलाबाईंनी पायलला चहा करायच्या निमित्तानं आत नेलं आणि जाताना नवऱ्याकडं एकदा पाहिलं.

"लालीबाई," ते म्हणाले, "मी हे पैसे घेऊ शकत नाई."

"काहून?"

त्यांनी सांगितलं. मारोतीचा सल्ला, फ्यूज, खिसा, बॅटरी, वाढवलेला आवाज, सकाळी परत बसवलेला फ्यूज. सगळं, क्रमानं. सांगताना ते जमिनीकडं बघत होते. शेवटी त्यांनी मान वर केली, तेव्हा लालीबाई मागच्या दाराकडं पाहत होती.

"किती वेळा वाजवलं त्यांनी?"

"दोनदा."

"शिवी दिली?"

"नाई. काका म्हणे."

लालीबाईनं पदर तोंडाशी धरला. बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. मग ती सरळ बसली.

"पोलिसाले सांगितलं?"

"नाई. तू म्हणशीन तं आज जातो."

"आणि मी कोर्टाच्या चकरा मारू? मजुरी सोडून?" ती उठली, पडवीत गेली, मधल्या खोलीचं दार ढकललं आणि आत उभी राहिली. पुंडलिकराव उंबऱ्याबाहेरच थांबले. "पायलले आठवीत इथल्या शाळेत टाकायचं हाय. मी खोली पाहालेच आली होती. सरकीच्या गोदामात काम भेटून राह्यलं मले."

"राह्य ना," पुंडलिकराव घाईनं म्हणाले. "एक पैसा नाई घेनार. जलमभर राह्य."

लालीबाई वळली. "फुकट देऊन सुटाचं हाय तुमाले? भाडं मी देईन. पाचशे, पयल्या तारखेले, तुमच्या हातात. बाईच्या हातात नाई. आणि तुम्ही घेसान."

जूनमध्ये त्या राहायला आल्या. दर पहिल्या तारखेला लालीबाई शंभराच्या पाच नोटा घेऊन यायची, आणि तिचा हात पुढं आला की पुंडलिकरावांना हात पुढं करावाच लागायचा. दुसऱ्या खोल्यांचं भाडं त्यांनी नंतर वाढवलं, हिचं कधीच नाही. बाकी ती त्यांच्याशी बोलत नसे. वच्छलाबाईंशी मात्र बोलायची. दोघी मिळून पापड घालायच्या. संध्याकाळी दाराशी कोणी असल्याचा भास पुंडलिकरावांना होतच राहिला, पण आता खोलीपाशी गेलं की आतून पायलचा धडे पाठ करण्याचा आवाज यायचा, आणि ते दार न वाजवता परत फिरायचे.

पाच वर्षांनी पायल बारावी झाली. तिला यवतमाळला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि मायलेकींनी तिकडंच खोली बघितली. सामान टेम्पोत चढल्यावर लालीबाई किल्ली द्यायला आली.

"पोरीले सांगितलं कधी?" पुंडलिकरावांनी हळूच विचारलं.

"मी कायले सांगू?" ती म्हणाली. "ते तुमचं हाय."

ती टेम्पोकडं गेली. पायल नमस्कार करायला आत आली, वाकली, आणि आशीर्वादाची वाट बघत तशीच थांबली. पुंडलिकरावांनी तिला उठवलं. तिचे डोळे देवसिंगसारखे होते, हे त्यांनी पाच वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं.

"अवं, टेम्पोवाल्याले दहा मिनिटं थांबाले सांग," ते वच्छलाबाईंना म्हणाले. मग त्यांनी पायलसाठी खुर्ची ओढली. "बस बेटा. तुझ्या बाबाबद्दल सांगाचं हाय."

पायल बसली.