भाऊंची अंघोळ

भाऊ गेले तेव्हा जयाच्या एका हातात पेजेचा चमचा होता आणि दुसऱ्या हाताने तिने त्यांची मान सावरली होती. चार चमचे पोटात गेले होते. पाचवा त्यांनी तोंडात धरला, गिळला नाही.

"गिळा बघू, भाऊ," ती म्हणाली.

असं पूर्वीही व्हायचं. गळ्यावरून हलकेच बोट फिरवलं की घोट खाली उतरायचा. तिने बोट फिरवलं. पेज ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळली. जयाने ती पदराने पुसली, नाकाशी हात धरला, मनगट चाचपलं. मग शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत बसलेल्या भाऊंच्या सुनेला, प्रांजलला तिने हाक मारली, "वहिनी, लवकर या. आणि दादांना फोन करा."

सकाळचे सव्वादहा वाजले होते.

नाहूरच्या या घरात जया सव्वादोन वर्षांपूर्वी आली होती. आजाऱ्यांसाठी बाया पुरवणाऱ्या ब्यूरोने पाठवली होती, सकाळी आठ ते रात्री आठ. भाऊंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. म्हणजे अगदीच गेली असं नाही. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तीस वर्षं काढलेल्या, मुलाशी कायम शुद्ध मराठीत बोलणाऱ्या या माणसाची सगळी मराठी पुसली गेली आणि उरली ती कणकवलीकडच्या गावातली लहानपणची बोली, तीही अशी मोडलेली, की ऐकणाऱ्याला नुसता घोगरा आवाज ऐकू यावा. जया कुडाळची. पहिले दोन महिने तिलाही काही उमगत नव्हतं. पण बारा-बारा तास एकाच माणसाजवळ बसल्यावर कान तयार होतात. 'आ ई' म्हणजे पाणी, 'यो' म्हणजे हात धर, हे तिला कळायला लागलं, आणि मग हळूहळू दोघांच्या गप्पाच सुरू झाल्या. ती दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, एक दिवसाआड दाढी करायची. अंघोळीच्या वेळी ते कुरकुरायचे आणि ती त्यांना दटावायची.

सुयोग, भाऊंचा एकुलता मुलगा, वांद्र्याच्या ऑफिसातून बाराच्या सुमारास पोचला. तोवर शेजारपाजारची माणसं जमली होती. डॉक्टर आले होते. दाखला लिहिण्याआधी त्यांनी भाऊंना जरा कुशीवर वळवून पाठ पाहिली, कंबर पाहिली, टाचा पाहिल्या.

"सव्वादोन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस," ते म्हणाले, "आणि अंगावर एकही जखम नाही. आमच्याकडे हॉस्पिटलात सुद्धा हे जमत नाही हो. कोण करत होतं यांचं?"

"बाई आहेत आमच्याकडे," सुयोग म्हणाला.

जया दाराशीच उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. ती तिथून बाजूला झाली.

बाजूला होऊन जायचं कुठे, हा प्रश्न होता. हॉलमध्ये नात्यातल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांच्यात बसावं, तर ती कोण लागत होती? स्वयंपाकघरात काम नव्हतं, कारण त्या दिवशी चूल पेटणार नव्हती. ती न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे समोरच्या फ्लॅटमधल्या शुभाताईंनी तिला पाहिलं.

"जया, तू निघालीस तरी चालेल गं आता," त्या समजुतीने म्हणाल्या. "सकाळपासून उभी आहेस. इथे आता तुझं काय काम राहिलंय?"

बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं. जयाने आपली पिशवी घेतली. जाताना भाऊंच्या पायांना हात लावावा असं मनात होतं, पण खोलीत गर्दी होती. ती तशीच जिना उतरली. मात्र गेटाबाहेर तिचा पाय निघेना. वॉचमनच्या केबिनशेजारच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

दोन वाजता जोगेश्वरीहून कुंडलिककाका आले. हे भाऊंचे चुलतभाऊ, वयाने वडील, विधी जाणणारे. त्यांनी आल्या आल्या सूत्रं हातात घेतली. खोलीत फरशीवर प्लास्टिक अंथरलं, ऊन पाण्याच्या दोन बादल्या आणवल्या, बायकांना बाहेर काढून दार लावून घेतलं. आत काका, सुयोग आणि भावकीतले दोघं.

सदरा काढता काढता गाडं अडलं. भाऊंचा उजवा हात कोपरात मुडपून छातीशी घट्ट बसला होता. एकाने तो ओढून सरळ करायला घेतला. दुसऱ्याने काखेत हात घालून उचललं, तसं डोकं मागे लटकलं.

"थांबा!" सुयोग ओरडला. "असं नका करू त्यांना."

"मग कसं?" काकांनी विचारलं. "तू दाखव."

सुयोग पुढे झाला. हात कुठे घालावा त्यालाही कळेना. बापाच्या गळ्याची हाडं, पोटाची घडी, मांड्यांची उरलेली काडी तो पहिल्यांदाच पाहत होता. रोज सकाळी दारात उभं राहून 'येतो हां भाऊ' म्हणायचा, रविवारी पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायचा. पण पांघरुणाखालचा माणूस त्याने कधी पाहिला नव्हता.

त्याने दार उघडलं. "प्रांजल, जयाताई कुठे आहेत?"

"गेल्या असतील ना आता."

वॉचमनला फोन लावल्यावर कळलं, की खालीच बसल्यात. जया वर आली. काका दारात आडवे झाले.

"सुयोग, बाईमाणूस कसं चालेल रे? पुरुषाची अंघोळ आहे."

"काका, सव्वादोन वर्षं रोज कोण घालत होतं?"

काका दारातून बाजूला झाले.

जयाने पदर खोचला. भाऊंच्या कमरेला टॉवेल गुंडाळला आणि ती त्यांच्या डोक्याशी बसली. "दादा, तुम्ही या बाजूला या. एक हात मानेखाली, एक खांद्याखाली. डोकं आधी सांभाळायचं. उजवा हात ओढायचा नाही, तो असाच राहू दे. सदरा कापू आपण." तिने कात्री मागितली. तिने सांगितलं तसं सुयोग करत गेला. बादलीत कोपर बुडवून तिने पाणी पाहिलं, तांब्या भरला आणि सवयीने तोंडातून गेलं, "पाणी घालतंय हां, भाऊ."

भावकीतल्या एकाने तोंड फिरवलं.

मुडपलेल्या मुठीतून ओलं फडकं कसं फिरवायचं, कानामागे कसं पुसायचं, हे ती हळू आवाजात सांगत होती. पाठ धुताना सुयोगने विचारलं, "ताई, मी सकाळी निघालो की भाऊ ओरडायचे बघा. फार दुखायचं का त्यांना तेव्हा?"

जयाचा हात थांबला. या ओरडण्यामुळेच तर सुयोग रोज जाताना सांगायचा, 'त्यांना गोळी द्या, दुखतंय त्यांना.' तिला वाटायचं, तो आपला काळजीने सांगतो.

"दुखत नव्हतं, दादा," ती म्हणाली. "ते विचारायचे."

"काय?"

"'झील जेवलो काय?' मुलगा जेवला का, असं. रोज तेच. तुम्ही चावी घेऊन निघालात की लगेच. मी सांगायचे, 'जेवलो, भाऊ. जेवान गेलो.' मग गप्प व्हायचे."

सुयोगने विचारलं, "आज पण?"

"आज पण."

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला कळतं," जया म्हणाली. "आई शप्पथ, दादा. घरच्या माणसाला कळतच असणार, असं वाटलं मला. मी सांगायला हवं होतं."

सुयोग ओल्या प्लास्टिकवर मटकन बसला. बापाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो रडला तो आवाज न करता, आणि बराच वेळ. सकाळी उपाशीपोटी निघायची सवय त्याला कॉलेजपासून होती, आणि त्यावरून भाऊंनी त्याला तेव्हाही कितीदा टोकलं होतं. शेवटी कुंडलिककाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ रे बाळा. पाणी निवतंय."

चार वाजता भाऊंना खाली आणलं. तिरडी उचलण्याआधी सुयोगने सगळ्यांदेखत सांगितलं, "आधी जयाताईंना दर्शन घेऊ दे." बायकांनी वाट करून दिली. जया भाऊंच्या पायांशी वाकली. शुभाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या आपल्या खोलीत ती पोचली तेव्हा दिवे लागले होते. मुलगी, कमल, दारातच होती. तिला काही विचारू न देता जया म्हणाली, "शिवू नको मला. डोक्यावरून अंघोळ करायचीय. पाणी तापव."

स्टोव्हवर पातेलं चढलं आणि तेवढ्यात ब्यूरोच्या मॅडमचा फोन आला.

"जया, समजलं हं. वाईट झालं. बरं ऐक, उद्या आठ वाजता मुलुंडला जायचंय. अर्धांगाचाच पेशंट आहे, तुला सवय आहे."

"उद्या नाही जमणार, मॅडम."

"का गं? त्यांना तातडीने बाई हवीय."

"घरात माणूस गेलंय."

"अरे देवा! तुझ्या? कोण?"

मॅडमनी दोनदा 'हॅलो' म्हटलं.

"भाऊ," ती म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "बरं. परवा जा."

पाणी तापलं होतं. कमलने मोरीत बादली ठेवली, आणि आई बसल्यावर तिच्या डोक्यावर तांब्याने पाणी घालायला लागली. दुसऱ्या तांब्याला जयाचे खांदे हलायला लागले. कमल थांबली.

"थांबू नको," जया म्हणाली. "घाल."