चुलवाणापाशी जागणारी माणसं

कळंब्याच्या पलीकडे हंबीररावांचं गुऱ्हाळ होतं आणि गुऱ्हाळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचा नवा बंगला. काहिलीच्या मोठ्या कढईत उसाचा रस उकळू लागला की त्याचा गोड, जड वास थेट दिवाणखान्यापर्यंत यायचा. पाहुण्यांना तो फार आवडायचा. सून पूर्णिमाला मात्र या हंगामात तो नकोसा झाला होता.

का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. शहरात मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी ती. या घरात तिला काही कमी पडलं नव्हतं. पण दुपारी कामगारांचा डबा घेऊन गुऱ्हाळावर गेली की तिथून तिचं पाऊल लवकर निघत नसे. उत्तर प्रदेशातून आलेली ती माणसं उसाच्या चिपाडाच्या ढिगाला टेकून डुलक्या घेत आणि कुणी हाक मारली की दचकून उठत. दिवाळीनंतर दोघं पळून गेले होते. त्यांच्या वाटचं काम उरलेल्यांवर पडलं आणि त्यांची रात्रीची झोपही गेली. आणखी कुणी पळू नये म्हणून हंबीररावांनी सगळ्यांची आधार कार्डं कपाटात ठेवून घेतली आणि मजुरी हंगाम संपल्यावरच मिळेल असं सांगून टाकलं.

काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड सारायला फुलमती असे आणि वर काहिलीतला रस ढवळायला तिचा नवरा बलिराम. एकदा डबा घेताना फुलमती हळूच म्हणाली, "भाभीजी, मालिक से कहिए ना, इनको एक दिन सोने दें. खड़े-खड़े आँख लग जाती है."

पूर्णिमानं त्याच दिवशी जेवताना विषय काढला. हंबीरराव हसले.

"अगं, त्येस्नी सवय असती. गावाकडं तरी काय गाद्या-गिरद्या हायत व्हय त्यांच्यात?"

सासूबाई, आक्का, भाकरी वाढत राहिल्या. नवरा राजवीर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "धंद्यातलं तुला न्हाय कळायचं." पूर्णिमानं ताट बाजूला सारलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी गुऱ्हाळाकडून किंकाळी आली. पूर्णिमा डबा तिथंच टाकून धावली. काहिलीच्या काठावर उभ्या उभ्या बलिरामचा डोळा लागला होता. त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत उकळत्या रसात गेला, दुसऱ्यावर रस उडाला. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं, पण पाक कातडीला चिकटून तसाच भाजत होता.

"पाणी घाला! मोटार चालू करा!" पूर्णिमा ओरडली. पाइपाच्या धारेखाली बलिराम दात आवळून पडला होता. फुलमती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

हंबीरराव आले. त्यांनी एकदा पायांकडे पाहिलं, एकदा काहिलीकडे. "रस करपायला लागलाय. दुसरा माणूस उभा करा." मग ते राजवीरला बाजूला घेऊन म्हणाले, "सरकारी दवाखान्यात न्यायचं न्हाय. तिथं पोलीस यील, पोलिसामागनं लेबर ऑफिस. ऐन हंगामात गुऱ्हाळाला टाळं लावून घिऊ व्हय? ह्या दोघांची कार्डं दे आन् रेल्वेत बसवून ये. घरच्यात पडून ऱ्हाईल, बरा हुईल."

"मामा, लांबचा प्रवास हाय. वाटंतच काय झालं तर?" पूर्णिमा सासऱ्यांना म्हणाली.

"तू बी जा संगं," हंबीरराव म्हणाले. "गाडीत बाई असली की कोण इचारत न्हाय."

ते वाक्य पूर्णिमाच्या अंगावर पाल पडावी तसं पडलं. आपल्याला कशासाठी नेलं जातंय, ते तिला लख्ख कळलं. तरीही ती गाडीत बसली, कारण बलिराम आणि फुलमतीला राजवीरबरोबर एकटं सोडवेना.

राजवीर गाडी चालवत फुलमतीला बजावत होता, "कोई पूछेगा तो बोलना, स्टोव्ह भडका. समझी?" फुलमतीनं मान हलवली. मागच्या सीटवर बलिराम ओल्या धोतरात पाय गुंडाळून आडवा होता. क्षीण आवाजात तो म्हणाला, "भाभीजी... सीट खराब हो रही है आपकी. माफ करना."

पूर्णिमानं राजवीरकडे पाहिलं. तो समोर बघून हॉर्न वाजवत होता.

स्टेशनसमोर गाडी उभी करून राजवीर तिकिटं काढायला गेला. एसीसाठी इंजिन चालूच होतं. मागं बलिरामचे दात वाजत होते. पूर्णिमा उतरली, वळसा घालून राजवीरच्या जागेवर बसली आणि तिनं गाडी वळवली. गर्दीतून वाट काढत गाडी थांबली ती सरकारी दवाखान्याच्या दारातच.

तरुण डॉक्टरीणबाईंनी पायांभोवतीचं धोतर सोडलं आणि विचारलं, "कसं भाजलं?"

"स्टोव्ह... भड़क गया," फुलमती जमिनीकडे बघत म्हणाली.

डॉक्टरांनी जखमेवरचा चिकट, तांबूस थर पाहिला. "स्टोव्हवर काय होतं?"

पूर्णिमाच पुढं झाली. "ती भिऊन बोलतीया. आमच्या गुऱ्हाळावर भाजलंय. काहिलीत पाय गेला. झोप न्हाय मिळत माणसांला, म्हणून गेला."

हवालदार जबाब घ्यायला आला. त्यानं मालकाचं नाव विचारलं.

"हंबीरराव. माझे सासरे."

हवालदारानं पेन थांबवलं. "वहिनी, घरात इचारलंयसा का?"

"ह्यात घरात काय इचारायचं? मी बघितलंय, मी सांगतो. लिवा."

राजवीर रिक्षानं पोचला तेव्हा तिची सही होऊन गेली होती. "काय केलंस ह्ये? सोताच्या घरावर धोंडा घातलास!" तो सगळ्यांदेखत ओरडला.

"सीट खराब झाली म्हणून माफी मागत हुता तो," पूर्णिमा म्हणाली. "तुमी ऐकलंसा न्हाय?"

राजवीर बाकावर बसला आणि चपलेनं फरशी घासत राहिला.

बलिराम वाचला. एक पाय मात्र घोट्यातून कायमचा आखडला. चौकशी लागली, गुऱ्हाळ बंद झालं. मग एका सकाळी आसपासचे गुऱ्हाळवाले बंगल्यावर जमले. शेजारच्या गुऱ्हाळाचे सयाजीराव पुढं होते. पूर्णिमानं जबाब मागं घ्यावा, म्हणून आले होते.

"कुणाच्या घरचं खातीस तू?" हंबीरराव गरजले.

"त्या मजुरांच्या हातचं खातोय मामा आपण सगळी," पूर्णिमा म्हणाली. "सयाजीराव, तुमच्या काहिलीवर आत्ता कोण उभा हाय? कधी झोपलाय तो?"

सयाजीरावांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं. बाकीच्यांनीही चहाच्या कपात नजर घातली.

पूर्णिमानं चपला चढवल्या आणि ती उसातल्या पायवाटेनं चालू लागली. मागून हाका आल्या, आक्काही दारापर्यंत आल्या. ती वळली नाही.

सयाजीरावांच्या काहिलीवर एक पोक्त माणूस उभा होता. डोळे तांबारलेले, ओठ फुटलेले. पूर्णिमानं त्याच्या हातातलं लांब दांड्याचं फावडं घेतलं. "भैया, आप बैठिए."

तो घाबरून आधी नको म्हणाला. मग भिंतीला टेकला आणि बसल्या जागीच त्याला झोप लागली. वाफेनं पूर्णिमाचं तोंड भाजून निघालं, दंड भरून आले. ती ढवळत राहिली.

मागोमाग सगळे गुऱ्हाळवाले धापा टाकत पोचले. त्या माणसाला बघताच सयाजीरावांनी खेकसायला तोंड उघडलं.

"उठवू नका त्याला," पूर्णिमा म्हणाली. "या, तुमी धरा फावडं."