नीवेससाठी शर्यतीचे ब्रेक

इटलीतल्या फोर्ली गावात माझं केस कापायचं दुकान आहे आणि तिथं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला इंजिनातलं सगळं कळतं. मलाही कळतं. निदान गेल्या ईस्टरपर्यंत माझा तसा पक्का समज होता, आणि तो मी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवून सांगायचो, त्यामुळे कोणी उलट बोलत नसे.

माझी बायको नीवेस सहा वर्षांपूर्वी माझ्या मोटारसायकलवरून उतरली, ती पुन्हा बसली नाही. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. मुराल्योनेच्या घाटातून आम्ही तिच्या बहिणीकडे गेलो होतो. अंगणात तिनं हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि म्हणाली, "ओरियानो, मला भीती वाटते." त्या दिवसापासून ती बहिणीकडे रेल्वेनं जाते, डोंगराला वळसा घालून, मध्ये गाडी बदलून. चारचाकी आमच्याकडे कधी नव्हतीच, तिचे पैसे मोटारसायकलीनं खाल्ले. मी घाटातून एकटा जायचो, तिच्या आधी पोचायचो आणि तिची पिशवी घ्यायला स्टेशनवर उभा राहायचो. मागची रिकामी सीट बघून मला फार वाईट वाटायचं.

दुसऱ्या कुठल्या प्रांतातल्या नवऱ्यानं बायकोला विचारलं असतं, कसली भीती वाटते गं? पण आम्ही पडलो रोमान्याची माणसं. आमच्याकडे बायकोला भीती वाटली की नवरा पाना शोधायला लागतो. मी विचार केला, भीती वाटते म्हणजे गाडी वेळेवर थांबत नाही, आणि थांबत नाही म्हणजे ब्रेक कमी पडतात. इतकं अवघड कोडं चुटकीसरशी सुटलं म्हणून मी त्या दिवशी स्वतःवरच खूश होतो. सहा वर्षं गेली ती नुसती सामान जमवण्यात.

कारण साधे ब्रेक मला चालणार नव्हते. बायको माझी, तिला शर्यतीचेच ब्रेक हवेत. इमोलाला जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. तिथं शर्यतीच्या गाडीचा गंजका बोल्टसुद्धा लोक देवळातल्या अंगाऱ्यासारखा हातात घेतात. विकणारा सांगतो की हा अमक्या शर्यतीत होता, तमक्या वळणावर होता, आणि घेणारा मान डोलावतो. मी तर डोळ्यांत पाणी आणून घ्यायचो. ब्रेकच्या मोठ्या चकत्या घेतल्या एका संघाच्या गाडीवरच्या. चकतीला दोन्हीकडून आवळणारे सोनेरी कॅलिपर घेतले त्या संघाच्या हाडवैऱ्यांच्या गाडीवरचे. आणि हँडलवरचा ब्रेकचा पंप घेतला एका चिमुकल्या शर्यतीच्या गाडीचा, कारण विकणारा म्हणाला की त्याचं लिव्हर एका बोटानं दाबता येतं. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी उत्तम होती. मैदानात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना मी एका घरात नांदायला लावत होतो, एवढाच काय तो प्रश्न होता.

जोडणीला लेआर्को आला. हा माझा शाळेपासूनचा मित्र, बेकरीवाला. इंजिनातलं त्याला माझ्याइतकंच कळतं, म्हणजे तोही खूप बोलतो. कॅलिपरची भोकं गाडीच्या भोकांशी जुळेनात, म्हणून आम्ही मध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या. पट्ट्या जाड झाल्या म्हणून घासल्या, जास्त घासल्या म्हणून वॉशर घातले. माझ्या बोटांची सालटी निघाली. सगळं बसल्यावर लिव्हर दाबलं तर ते आरामात हँडलला जाऊन टेकलं. छोट्या पंपातल्या तेलानं एवढे दोन मोठे कॅलिपर कसे हलणार? हा प्रश्न आम्हाला पडला असता तर बरं झालं असतं.

"दोनदा दाब," लेआर्को म्हणाला. "पहिलं बोलावणं, दुसरा हुकूम."

मला ते पटलं. अजूनही वाक्य म्हणून मला ते आवडतं.

रविवारी दुपारी कारखान्यांच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही चाचणी घेतली. पहिल्यांदा ब्रेक लावला तेव्हा मी ठरवलेलं फाटक मागे टाकून पुढच्या फाटकाशी थांबलो. कॅलिपरमधले शर्यतीचे पॅड थंड असताना चकतीला धरत नाहीत, ते आधी चांगले तापावे लागतात, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून मी पुन्हा पुन्हा ब्रेक लावत राहिलो. शेवटी पॅड असे तापले की मागचं चाक हवेत उठलं आणि मी टाकीवर आपटलो. लेआर्कोनं रस्त्याच्या कडेनं टाळ्या वाजवल्या. आम्ही एकमेकांना मिठी मारली. सिग्नलला उभा असलेला ट्रक आपल्याला आधी रंगीत तालीम करू देत नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग मी नीवेसला खाली बोलावलं. त्या सोनेरी कॅलिपरकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"हे माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठीच. आता भ्यायचं कारण नाही."

तिनं माझा हात हातात घेऊन सोललेली बोटं पाहिली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जेवण होतं. म्हणाली, येते तुझ्याबरोबर. त्या आठवड्यात दुकानात मी इतका खुशीत होतो की दोन गिऱ्हाइकांचे केस सांगितल्यापेक्षा फारच बारीक कापले गेले.

निघालो. ब्रेक गार पडू नयेत म्हणून मी गावाबाहेर पडेपर्यंत लिव्हर थोडं दाबूनच ठेवलं होतं. मागचा लाल दिवा सतत पेटलेला, त्यामुळे मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. चढणीवर ब्रेकची गरजच पडली नाही. मी नेहमीसारखी वळणं घेतली, जरा जास्तच ऐटीत, कारण मागे बायको होती. तिनं सीटमागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

माथ्यावर वारा बोचरा होता. तिथल्या कॉफीच्या दुकानासमोर गाड्यांची ही गर्दी. आमच्याकडे कोणाच्या गाडीला नवं काही दिसलं की लोक आधी लिव्हर दाबून बघतात, मग नमस्कार करतात. सगळ्यांनी येऊन लिव्हर दाबलं, ते हँडलला टेकलं, आणि सगळ्यांनी जाणकारासारखी मान हलवली. मी प्रत्येकाला चकत्यांचं घराणं सांगितलं. नीवेसची कॉफी संपली, दुसरी कॉफीही संपली. तेवढ्या वेळात त्या वाऱ्यानं माझ्या घराणेदार चकत्या नळाच्या पाण्यासारख्या गार करून टाकल्या.

उतरणीच्या पहिल्याच वळणावर मी बोलावणं धाडलं. लिव्हर हँडलला टेकलं. मग हुकूम सोडला. लिव्हर कडक झालं, पण गाडी आपली चाललीच. मागचा ब्रेक दाबला, गिअर खाली टाकले, देवाचं नाव घेतलं. वळणाच्या कडेला गवताचा एक सपाट तुकडा होता. तिथं एक कुटुंब चादर अंथरून सणाचं जेवण जेवत होतं. आम्ही गवतातून उड्या खात गेलो आणि उकडलेल्या अंड्यांच्या ताटाशी पुढचं चाक नेऊन थांबलो. चादरीवर माझ्या टायरचा ठसा उमटला होता. तेवढ्यावर निभावलं.

चादरीवरच्या म्हाताऱ्यानं ताट जरासं सरकवलं. त्याचं नाव फोस्को, माणूस डोंगरापलीकडच्या तोस्काना प्रांतातला, आणि तोस्कानातल्या माणसासमोर फजिती होण्यासारखं दुसरं दुःख नाही.

"रोमान्याचे दिसता," तो म्हणाला.

"हो."

"वाटलंच. आमच्याकडची माणसं रस्त्यावरून येतात."

नीवेस उतरली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. फोस्कोच्या बायकोची तिनं चादरीसाठी माफी मागितली, तिच्या शेजारी बसली आणि तिनं दिलेलं अंडं सोलायला लागली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मग मीच फोस्कोला समजावून सांगायला लागलो, की पॅड खरं तर उत्कृष्ट आहेत, फक्त तापावे लागतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी भरपूर ब्रेक लावले, की मग ब्रेक लागतात," तो म्हणाला.

बाकीचं कुटुंब हसलं. मीही हसलो, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं खपून मी बायकोला जेमतेम एका वळणापर्यंत आणलं होतं.

त्यांचं घर पायथ्याच्या गावात होतं. फोस्कोनं ठरवलं की नीवेस त्यांच्या गाडीत बसेल आणि मी मोटारसायकलवर पुढे राहीन, म्हणजे कुठे घसरलो तर दिसेन तरी. मी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून निघालो. सायकलवाले मला मागे टाकून गेले. एका म्हाताऱ्या सायकलवाल्यानं जाताना मला धीर दिला. माथ्यावरची मंडळी एकेक करून पुढे गेली आणि प्रत्येकानं काय झालं म्हणून हात हलवला. आरशात मागची मोटार दिसत होती, आणि काचेमागे नीवेस. ती एकटक माझ्याकडे बघत होती.

गावात फोस्कोची गाडी दाराशी थांबली. तिथून बहिणीचं घर थोडंच दूर, रस्ता बहुतेक सपाट. नीवेस हेल्मेट काखेत धरून माझ्यापाशी आली.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला फोन कर," मी म्हणालो. "तो येऊन नेईल तुला. हे ब्रेक काही कामाचे नाहीत, नीवेस. मी मूर्खपणा केला."

तिनं सोनेरी कॅलिपरकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आत्ता आलास तसाच चालवशील?"

"दुसरा इलाजच नाही."

तिनं हेल्मेट घातलं आणि मागे बसली. मला इतका आनंद झाला की मी गाडी सुरू करायलाच विसरलो, फोस्कोला हाक मारून आठवण करून द्यावी लागली.

नदीच्या कडेनं आम्ही चाललो. लिव्हरला मी हात लावला नाही, लावण्यासारखं तिथं काही नव्हतंच. काही वेळानं तिनं मागची दांडी सोडली आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे केला. पलीकडच्या काठावर एक जुनी दगडी पाणचक्की होती.

"ती चक्की कधी बांधली रे?" तिनं कानाशी विचारलं.

"आपल्या आजोबांच्या आधीची आहे. का?"

"मी कधी पाहिली नाही."

"कशी नाही पाहिलीस? लग्न झाल्यापासून आपण याच रस्त्यानं जायचो."

"मी डोळे मिटून बसायचे, ओरियानो," ती म्हणाली. "घराच्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंत."

आधीच इतकी हळू चाललेली गाडी मी आणखी हळू केली आणि पुढच्या पुलापाशी तिला नदी दाखवली.