मूषकमातेचा कौल

रविवारी दुपारी मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका दाटीवाटीने बसलेल्या, पुरुष पत्र्याला टेकून उभे. समोरच्या स्टेजवर दोन मोठे फोकस लावलेले, उदबत्त्यांचा धूर कोंडलेला आणि एक माणूस जीव खाऊन हलगी बडवतोय. मधोमध टेबलावर काचेची पेटी आणि पेटीत एक पांढरी उंदरीण, तिच्या पिल्लांसह. नळाला पाणी येत नाही म्हणून जाब विचारायला आमच्या वस्तीतून कधी चार माणसं निघाली नाहीत. उंदीर बघायला मात्र अख्खी वस्ती लोटली होती.

पेटीमागे गोकुळ महाराज उभे होते. भगवी कफनी, मनगटावर काळं स्मार्ट घड्याळ, कॉलरला माईक. “हे उंदीर न्हाईत, माऊली,” ते सांगत होते, “गणरायाच्या पायाशी बसून हे आईचं काळीज वाचायला शिकल्यात. अमेरिकावाले आज जीन म्हणत्यात, डीएनए म्हणत्यात. आपण त्याला कूसदोष म्हणत आलो. आईचा दोष लेकीत उतरतो, लेकीचा तिच्या लेकरात. डॉक्टरच्या मशीनला तो दिसत नाय. मूषकमातेला दिसतो.”

कौल लावायची पद्धत अशी. बाळाचं अंगावरचं झबलं आणायचं, कारण त्यात म्हणे आईची कूस मुरलेली असते. ते पेटीत ठेवायचं. मग पिल्लं कापसाच्या घरट्यातून उचलून दुसऱ्या टोकाला टाकायची. उंदरिणीने ती तोंडात धरून घरट्यात परत नेली तर कूस निर्मळ. ती कोपऱ्यात बसून राहिली तर कूसदोष, आणि मग त्या बाईची सावलीसुद्धा लेकरावर पडू द्यायची नाही. चिकलठाण्याच्या एका बाईचं झबलं पेटीत गेलं. उंदरीण तुरुतुरु आली आणि एकेक पिल्लू मानेला धरून तिने घरट्यात नेऊन ठेवलं. शेडभर हात जोडले गेले.

मी विशाखा. जवळच्याच गल्लीत राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि काही वर्षांपासून प्रयोगशाळेत उंदरिणींवरच काम करते. आई झालेल्या उंदरिणीचा घाबरटपणा पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो आणि किती उतरतो, हा माझा विषय. पिल्लं घरट्याबाहेर ठेवून आई त्यांना परत नेते का ते बघणं, हे आमच्याकडे रोजचं काम आहे. तेच काम इथे हलगीवर चाललेलं पाहून माझं डोकं फिरलं होतं. पण मी तिथे गेले होते ती अपेक्षासाठी.

अपेक्षा आमच्या शेजारच्या दगडाबाईंची सून. पहिलं बाळंतपण झालं आणि तिची झोपच उडाली. बाळ शांत झोपलं असलं तरी ही सारखी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची की श्वास चालू आहे ना. आंघोळ घालताना हातातून निसटेल म्हणून थरथरायची. काही झालेलं नसताना छातीत धडधड, हातपाय गार. मी तिला डॉक्टर बाईंकडे घेऊन गेले होते. त्यांनी समजावून सांगितलं की बाळंतपणानंतर अशी चिंता अनेकींना ग्रासते, तिच्यावर उपचार आहेत, आणि अंगावरचं पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या दिल्या. अपेक्षा सावरायला लागली होती. एकदा तर चहा घेता घेता हसली.

तेवढ्यात कुणीतरी दगडाबाईंच्या कानावर महाराजांचं नाव घातलं. अपेक्षाच्या आईलाही स्वतःच्या बाळंतपणात असाच त्रास झाला होता, वेरूळला माहेरी सगळ्यांना ते ठाऊक होतं. महाराजांचा चेला सांडू घरी येऊन चहा पिऊन गेला, गोड बोलून ही हकीकत त्याने दगडाबाईंकडूनच काढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी महाराजांनी तीच अंतर्ज्ञानाने ओळखून दाखवली. आपणच सांगितलेलं आपल्यालाच परत ऐकवलं की लोकांना साक्षात्कार का वाटतो, हे मला अजून कळलेलं नाही. गोळ्यांनी बाधा आत दडून बसते, असं सांगून महाराजांनी त्या बंद करायला लावल्या. आणि आजच्या कौलात दोष निघाला तर बाळ सिल्लोडला न्यायचं ठरलं होतं, दगडाबाईंच्या बहिणीकडे, लीलाबाईंकडे. त्यांची जीप बाहेर उभीच होती. मी आधी दगडाबाईंची खूप विनवणी केली, अपेक्षाचा नवरा बद्रीनाथ कंपनीतून आला तेव्हा त्यालाही समजावलं. तो म्हणाला, आईपुढं माझं काय चालतंय. पुढे काय बोलणार?

अपेक्षाचा नंबर आला. ती पुढच्या रांगेत पदर घट्ट धरून बसली होती आणि बाळ आधीच लीलाबाईंच्या मांडीवर होतं. महाराज म्हणाले, मूषकमातेला दोन घटका विसावा द्या. सांडूने पेटीवर भगवं कापड टाकलं, ती पडद्यामागे नेली आणि लगेच परत आणली. झबलं आत गेलं, हलगीचा जोर वाढला, पिल्लं पलीकडे टाकली गेली. उंदरीण कोपऱ्याला चिकटली. पाठीची कमान करून ती काचेवर दाबून बसली, भीतीने तिच्या लेंड्या पडायला लागल्या आणि पिल्लं चींचीं करत तिथेच पडून राहिली.

“बघा माऊली, बघा,” महाराज म्हणाले, “आई असून लेकराकडं फिरकत नाय. पिढ्यांचा दोष हाय हा.”

अपेक्षा रडली नाही. ती नुसती बाळाकडे बघत राहिली, आणि मला ते बघवेना. मी उठले आणि सरळ स्टेजवर गेले. सांडू आडवा आला तेव्हा पुढच्या बायकाच म्हणाल्या की जाऊ दे, कॉलेजातली बाई आहे. महाराजांनी मला ओळखलं असावं, कारण ते माईकवर हसून म्हणाले, “तुमच्यात देव मानत न्हाईत ना, ताई? मग हितं काय काम?”

“मी देवाचं बोलत नाही, उंदरांचं बोलतेय,” मी म्हटलं, आणि बायकांकडे वळले. “मघाची पिल्लं तुम्ही सगळ्यांनी बघितली ना? कशी होती?”

मग एक म्हातारी म्हणाली, “लाल लाल. केस नव्हते अंगावर.”

“आणि ही?”

दोघीतिघी वाकून बघायला पुढे आल्या. या पिल्लांच्या अंगावर दाट पांढरी लव होती आणि ती आकाराने जवळपास दुप्पट होती. मी विचारलं, पेटी पडद्यामागे जाऊन येईपर्यंत कुणाचं लेकरू एवढं वाढतं का? इतकी लेकरं वाढवलेल्या बायका तिथे बसल्या होत्या, त्यांना याचं उत्तर सांगायला प्राणिशास्त्र लागत नव्हतं. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली तशी मी पडदा ओढला. मागे बाकड्यावर दुसरी पेटी होती. त्यात मघाची उंदरीण निवांत पडून आपल्या लालबुंद पिल्लांना पाजत होती.

मग मी सांगितलं, आणि माझा आवाज चढलेला होता हे कबूल आहे. तुम्ही गाय घेता तेव्हा शांत बघून घेता, लाथाडी गाय वगळता, पुढची कालवडही शांत गाईची ठेवता. यांनी उंदरांचं तेच केलंय. थंड उंदरांची वेगळी पैदास, घाबरटांची वेगळी. असं पिढ्यामागून पिढ्या निवडत गेलं की दोन वेगळे वाण होतात. रंग एकच, म्हणून तुम्हाला उंदरीण एकच वाटते. ज्या घरात आधीच भांडण किंवा आजार आहे असं सांडूने काढून आणलं, त्या घराला घाबरट पेटी. बाकीच्यांना थंड पेटी. मी सांडूला विचारलं, घाबरट उंदीर वेगळे कोण काढतं? तो महाराजांकडे बघत म्हणाला, “मीच काढतो. पण मला वाटलं, ते सेवेसाठी हाय.”

एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या जगात संपलं असतं. पण मागून एक माणूस म्हणाला की पेट्या दोन असल्या म्हणून काय झालं, ही उंदरीण पिल्लांकडं गेली नाय हे खरंच हाय ना? आणि पन्नास माना डोलल्या. मला वाटलं, डोकं पत्र्यावर आपटून घ्यावं.

“बरं,” मी म्हटलं, “मग हिलाच विचारू. हलगी बंद करा. फोकस बंद करा. उदबत्त्या बाहेर न्या. आणि सगळ्यांनी जरा गप्प बसा.”

हलगीवाल्याने थांबायच्या आधी महाराजांकडे पाहिलं, पण तो थांबला. फोकस विझले. मी पेटीच्या एका बाजूला कापड टाकून आडोसा केला आणि मूठभर कापूस आत ठेवला. लोक वाट बघत राहिले. एक लेकरू रडायला लागलं तर त्याच्या आईने पटकन त्याला छातीशी धरलं. बऱ्याच वेळाने कोपऱ्यातल्या उंदरिणीने नाक वर केलं. दोन पावलं आली, परत गेली, पुन्हा आली. मग धावत जाऊन एका पिल्लाला तिने तोंडात धरलं आणि कापसात नेऊन ठेवलं. दुसरं नेलं. शेवटचं नेताना ते निसटलं तर वळून परत उचललं. अपेक्षा आपल्या जागेवरून उठून पेटीपाशी कधी आली ते मला कळलंही नाही.

महाराज तेवढ्यात सावरले. “माझ्याच आशीर्वादानं शांत झाली ती,” ते म्हणाले, आणि खरं सांगते, तीन-चार जणांनी लगेच हात जोडले. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला कितीदा उघडं पाडायचं?

मग मला पेटीतलं झबलं दिसलं. फिकट हिरवं, कडेला काठ असलेलं. मी दगडाबाईंना विचारलं, “मावशी, हे झबलं कशाचं शिवलंय?”

“माझ्या जुन्या लुगड्याचं,” त्या म्हणाल्या. “पहिलं झबलं नव्या कापडाचं घालत नाय आपल्यात. वापरून मऊ झालेलं लागतंय.”

“आणि ते धुतं कोण? बाळाला घालतं कोण?”

“मीच. तिला कुठं कापडाला हात लावू देतो आम्ही, सव्वा महिना बाळंतिणीचं सोवेर असतंय म्हणून.”

“मग मावशी, तुमचं लुगडं, तुमचे हात. कौल लागला तो कुणाला?”

दगडाबाई पेटीपाशी आल्या. त्या झबल्याकडे बघत होत्या, मग महाराजांकडे. मला वाटलं आता माझ्यावरच उसळतील. पण त्या खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “बद्रीच्या टायमाला माझं बी असंच झालं व्हतं. रातभर मी त्याच्या छातीवर हात ठिवून बसायची. कुणाला बोलले नाय. बोलले असते तर काय केलं असतं माझं?”

हिच्या आईचं रक्त, हिच्या पिढ्यांचा दोष, असं जे महाराज घोळवून सांगत होते, त्यातलं थेंबभर रक्तही दगडाबाईंच्या अंगात नव्हतं. भीती मात्र तीच होती. त्या उठल्या, लीलाबाईंच्या मांडीवरून बाळ उचललं आणि अपेक्षाच्या हातात दिलं. “घरी चल,” म्हणाल्या. “गोळी घे अन् झोप. लेकरापाशी मी बसते. श्वास मी बघते.”

महाराजांविरुद्ध जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आहे. ते आता दुसऱ्या वस्तीत मांडव घालून बसलेत असं ऐकते, आणि यावेळी त्यांनी पिल्लं एकाच वयाची घेतली असणार. आमच्याच गल्लीत अजून दोघी म्हणतात की बाई मध्ये पडली म्हणून मूषकमातेचा कोप झाला. त्यांना उत्तर देऊन मी थकले आहे, तरी देते.

भीती रक्तातून उतरते का? थोडी उतरते. एका जीनमुळे नाही, कित्येक जीन थोडा थोडा हात लावतात, जसा उंचीला लावतात. प्रयोगशाळेत घाबरट आईची पिल्लं शांत आईकडे वाढवली तर बऱ्याचदा त्यातली काही भीती ओसरते, आणि घाबरट आईलाही आडोसा आणि शांतता मिळाली तर ती पिल्लं सांभाळते. उतरतो तो कल असतो, निकाल नसतो. त्या कलाला दोष ठरवून, भोवती हलगी वाजवून, डोळ्यांवर फोकस मारून, मग ही लेकराकडे फिरकत नाही म्हणणारा माणूस लबाड असतो. आणि मान डोलावून त्याला मोठं करणारे आपण असतो.

तुमच्या घरातल्या बाळंतिणीला झोप येत नसेल, विनाकारण धडधडत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्या. दिलेल्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. तिचं लेकरू तिच्यापासून तोडू नका. घरातला आवाज कमी करा आणि तिला झोपू देऊन लेकराजवळ आळीपाळीने बसा. यासाठी कुणाचाही कौल घ्यावा लागत नाही.